रकाने आणि रेषा

मोठ्या संस्थेत कोणालाही विचारा, तुमच्याकडे संगणकावर चालणारी कामे किती आणि ती कशाकशावर चालतात, तर उत्तर म्हणून बहुतेक वेळा एक्सेलची एक फाइल पुढे येते. फाइलचे नाव 'यादी अंतिम' असे काहीतरी असते, तिच्या शेजारी 'यादी अंतिम नवीन' असते, आणि दोन्हींतली खरी कोणती हे सांगणारा माणूस रजेवर असतो. विनोद सोडून देऊ. ही यादी निरुपयोगी मुळीच नसते. कोणते सॉफ्टवेअर केव्हा घेतले, कोणाकडून घेतले, देखभालीचा करार कधी संपतो, कोणता विभाग ते वापरतो, एवढे तिच्यात सापडते. सापडत नाही ते एका प्रश्नाचे उत्तर : हे यंत्र उद्या बंद केले, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बंद पडेल?

या प्रश्नासाठी वेगळ्या जातीची सॉफ्टवेअर निघाली आहेत. त्यांच्या विद्येला 'एंटरप्राइज आर्किटेक्चर' म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम समजायला सोपे आहे. संस्थेतली माणसे, विभाग, कामे, सॉफ्टवेअर, यंत्रे हे सगळे ठिपके मानायचे आणि कोण कोणावर अवलंबून आहे त्याच्या रेषा काढायच्या. घराचा नकाशा असतो तसा हा संस्थेचा नकाशा. यादी रकान्यांत राहते, नकाशा रेषांत. आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती अशा ठिकाणी कोणीतरी एकजण सतत या खटपटीत असतो की, रकान्यांतले रेषांत कसे न्यावे आणि रेषांतले परत रकान्यांत कसे आणावे. पुण्यात हिंजवडी-खराडीला बसून परदेशी कंपन्यांसाठी हे काम करणारे मराठी तरुण-तरुणी पुष्कळ आहेत. त्यांना ते तांत्रिक आणि बरेचसे कंटाळवाणे वाटते. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. जे शिकलो ते घरी बसून, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मला हा प्रश्न मुळात भाषेचा आणि नोंदीचा वाटतो. म्हणून साहित्याच्या वाचकांपुढे तो मांडायला संकोच वाटत नाही.

आधी रकाने. 'स्प्रेडशीट' हा शब्द संगणकाहून जुना आहे. हिशेबनिसाच्या समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले रुंद कोष्टक ते स्प्रेडशीट. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी वर्गात फळ्यावर अशी कोष्टके पाहिली. एक आकडा चुकला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे पुसणे यंत्राने करावे, ही त्यांची कल्पना. बॉब फ्रँकस्टन यांनी ती प्रोग्रॅममध्ये उतरवली आणि १९७९ साली 'अ‍ॅपल टू' या संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' बाजारात आले. १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आले. एक्सेल १९८५ चे, आणि ते प्रथम आले मॅकिंटॉशवर. विंडोजवर दोन वर्षांनी पोहोचले. हा इतिहास सर्वत्र मिळतो, त्यात रेंगाळण्याचे कारण नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच की, स्प्रेडशीटचा जन्म हिशेबासाठी झाला आणि लोकांनी तिला यादीसाठी वापरले.

का वापरले, हेही उघड आहे. नवा रकाना वाढवायला कोणाची मंजुरी लागत नाही. डेटाबेसमध्ये एक रकाना हवा असेल तर अर्ज, बैठक, 'पुढच्या तिमाहीत बघू'. एक्सेलमध्ये उंदराची एक टिचकी. संस्थेतली खरी माहिती ज्यांच्याजवळ असते, ते हिशेब विभागातले, भांडार विभागातले, शाखेतले लोक, त्यांना दुसरे कोणतेही साधन इतके आपले वाटलेले नाही. म्हणून 'एक्सेल हद्दपार करा' असे म्हणणाऱ्या सल्लागारांविषयी मला फारसा आदर वाटत नाही. ज्याला माहिती आहे त्याच्या हातातली लेखणी काढून घ्यायची आणि मग माहिती मिळत नाही म्हणून तक्रार करायची, असा तो प्रकार आहे.

पण स्प्रेडशीटची एक मर्यादा तिच्या जन्मातच आहे. तिच्या प्रत्येक चौकोनाला स्वतःचा पत्ता ठाऊक असतो, अर्थ ठाऊक नसतो. दुसऱ्या रकान्यातली सातवी ओळ, एवढीच त्याची ओळख. तिथे 'एटीएम' लिहिले आहे हे त्याला दिसते. ते एटीएम वरच्या ओळीतल्या एखाद्या गोष्टीच्या जिवावर चालते, हे त्याला कळत नाही.

आता रेषा. १९८७ साली आयबीएममधले जॉन झॅकमन यांचा एक लेख 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये आला आणि या विद्येचा तो आद्यलेख मानला जातो. झॅकमन यांनी पाहिले ते असे : इमारत बांधताना किंवा विमान तयार करताना एकच नकाशा पुरत नाही. मालकाला दाखवायचा वेगळा, रचनाकाराचा वेगळा, प्रत्यक्ष बांधणाऱ्याचा वेगळा. संगणकव्यवस्थेचेही असेच असले पाहिजे. मग त्यांनी आडव्या ओळींत हे निरनिराळे पाहणारे घातले आणि उभ्या रकान्यांत प्रश्न : काय, कसे, कुठे. पुढे १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्यासह लिहिताना कोण, केव्हा आणि का हे तीन प्रश्न जोडले. गंमत पाहा, संस्थेच्या नकाशाची कल्पना रुजवणारा माणूस अखेर कोष्टकच काढून बसला! मात्र त्यांचे कोष्टक म्हणजे फडताळ होते. कोणता कागद कोणत्या खणात, हे ते सांगे. एका खणातल्या वस्तूची दुसऱ्या खणातल्या वस्तूशी दोरी कशी बांधली आहे, हे सांगण्याची लिपी त्यात नव्हती.

दरम्यान गरज वाढत गेली. अमेरिकेत १९९६ च्या क्लिंगर–कोहेन कायद्याने केंद्रीय खात्यांच्या माहिती-अधिकाऱ्यांवर अशा आराखड्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 'इंडिया' या उच्चाराशी खेळ करणाऱ्या 'इंडईए' नावाची अशीच चौकट २०१८ साली प्रसिद्ध केली. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते नेदरलँड्समध्ये २००२ ते २००४ या काळात झालेले काम. मार्क लँखॉर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या संशोधनसंस्था, विद्यापीठे आणि कंपन्या यांनी मिळून एक लिपी घडवली : आर्किमेट. एबीएन अ‍ॅम्रो ही बँक आणि डच करखाते यांच्यासारख्या ठिकाणी ती पारखली गेली. २००९ मध्ये 'द ओपन ग्रुप' या संस्थेने तिची पहिली प्रमाण आवृत्ती काढली.

या लिपीचे मर्म व्याकरणात आहे, आणि ते तिच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. जगातल्या गोष्टींचे तीन गट त्यांनी पाडले : करणारे, करणे, आणि ज्याच्यावर केले जाते ते. म्हणजे आपले कर्ता, क्रिया आणि कर्म. कारकून हा कर्ता, खाते उघडणे ही क्रिया, खाते-अर्ज हे कर्म. आणि या ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषाही ठरावीक जातींच्या. एक दुसऱ्याला सेवा पुरवते. एक दुसऱ्याचा मजकूर वाचते किंवा लिहिते. एकातून दुसऱ्याकडे काही वाहते. एक झाले की दुसरे सुरू होते. रेषेच्या प्रत्येक जातीला वेगळे टोक, वेगळी चिन्हे. कुठल्याही दोन ठिपक्यांत कुठलीही रेषा ओढता येत नाही. व्याकरणात बसत नसेल तर सॉफ्टवेअर ती ओढूच देत नाही. एक्सेल मात्र 'आंबा धावतो' हेही निमूटपणे लिहून घेते.

आर्किमेटमध्ये नकाशे काढण्यासाठी 'आर्की' नावाचे सॉफ्टवेअर आहे. ब्रिटनमधल्या बोल्टन विद्यापीठात फिल बोव्वॉर यांनी ते घडवले, २०१० मध्ये ते खुले झाले, आजही फुकट मिळते. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे करतो, कारण त्याचे आतले चाक उघडे आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्पार्क्स कंपनीचे 'एंटरप्राइज आर्किटेक्ट' किंवा इतर महागडी साधने घेतली तरी तत्त्व बदलत नाही.

उदाहरण काल्पनिक घेऊ, पण ओळखीचे. जिल्ह्याच्या गावची एक नागरी सहकारी बँक आहे. बारा शाखा. संगणक विभागाच्या एक्सेल फाइलमध्ये अशा ओळी आहेत : कोअर बँकिंग, एटीएम स्विच, एसएमएस सेवा, पिग्मी एजंटांची हातातली यंत्रे, लॉकर नोंद, पगार, रिझर्व्ह बँकेची विवरणपत्रे, मुख्य कचेरीतला जुना सर्व्हर. रकाने आहेत : अनुक्रमांक, नाव, विभाग, पुरवठादार, कराराची मुदत. आणि शेवटी एक रकाना : 'जोडणी'.

सगळी मौज या शेवटच्या रकान्यात आहे. पिग्मीच्या ओळीत तिथे लिहिले आहे 'सीबीएस, एसएमएस'. एटीएमच्या ओळीत 'कोअर बँकिंग'. लॉकरच्या ओळीत 'कोअर बँकींग', दीर्घ की घालून. आणि खुद्द कोअर बँकिंगच्या ओळीत कोणीतरी वैतागून 'सर्व' असे लिहून टाकले आहे. माणूस हे वाचतो आणि त्याला सगळे कळते. यंत्राला सीबीएस, कोअर बँकिंग, कोअर बँकींग या तीन वेगळ्या वस्तू वाटतात, आणि 'सर्व' ही चौथी.

शिवाय 'जोडणी' या नामाने क्रियापद गिळून टाकले आहे. पिग्मीचे यंत्र कोअर बँकिंगला दिवसाचा भरणा देते की तिथून खातेदारांची नावे घेते? की दोन्ही? कोण बंद पडल्याने कोण अडते, हे दिशेवर ठरते. स्वल्पविरामाला दिशा नसते.

आर्की ही माहिती घेते ती तीन फाइलींत. साध्या मजकुराच्या फाइली, ज्यांत दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो आणि ज्यांना सीएसव्ही म्हणतात. पहिली घटकांची : ओळख-क्रमांक, जात, नाव, वर्णन. दुसरी नात्यांची : नात्याचा स्वतःचा ओळख-क्रमांक, नात्याची जात, नाव, वर्णन, आणि मग दोन रकाने, कोठून आणि कोठे. तिसरी गुणधर्मांची : कोणाचा, कोणता, किती. या तीन फाइली समोर ठेवल्या की पहिला धडा आपोआप मिळतो. एक्सेलमधली एक ओळ म्हणजे एक वस्तू, असे आपण धरून चालतो. पण इथे दुसऱ्या फाइलमधली एक ओळ म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे. 'पिग्मी यंत्र कोअर बँकिंगला भरणा पाठवते' ही एक ओळ. 'कोअर बँकिंग पिग्मी यंत्राला खातेदारांची यादी देते' ही दुसरी. 'जोडणी'च्या एका रकान्यात दाबून बसवलेली नाती सोडवून प्रत्येकीला स्वतंत्र ओळ द्यावी लागते. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. आठ ओळींची यादी घेऊन बसलात तर दोन दिवस जातात, आणि त्यातला दीड दिवस लोकांना फोन करण्यात.

दुसरा धडा ओळख-क्रमांकाचा, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची नाडी तिथे आहे. 'कोठून' आणि 'कोठे' या रकान्यांत आर्कीला नाव चालत नाही, ओळख-क्रमांक लागतो. कारण नावे बदलतात. संचालक मंडळाने ठराव केला आणि 'एसएमएस सेवे'ची 'संदेश सेवा' झाली. वस्तू तीच आहे. नावावरून जुळवणी केली तर नकाशात एक नवा ठिपका उगवतो आणि जुना आपल्या सगळ्या रेषांसकट अनाथ होतो. मग अनुक्रमांक का नको? कारण मध्ये एक ओळ घातली की सातचा आठ होतो.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही. सात-बारा हे कोष्टक आहे. गावचा नकाशा ही रेषांची गोष्ट. पहिला तलाठ्याच्या दप्तरात, दुसरा भूमी अभिलेख खात्याकडे. दोघांना बांधणारा धागा एकच, गट नंबर. मालक बदलो, पीक बदलो, शेताचे बोलीतले नाव बदलो, गट नंबर तोच. आणि जिथे भावाभावांत वाटण्या होऊन सात-बारावर पोटहिस्से पडले पण नकाशावर मोजणी होऊन रेष पडली नाही, तिथे काय होते हे ज्याने तालुक्याच्या कचेरीत एक दिवस काढला आहे त्याला सांगायला नको. कागदावर जमीन तुमची असते. ती नेमकी कोणती, हे कोणी दाखवू शकत नाही. यादी आणि नकाशा वेगवेगळ्या वेगाने चालू लागले की असे होते.

आर्कीचा नियम सरळ आहे. फाइलमधल्या ओळीला ओळख-क्रमांक नसेल तर नवी वस्तू निर्माण होते. क्रमांक असेल आणि तो नकाशात आधीपासून असेल तर त्या वस्तूची माहिती बदलते. स्पार्क्सच्या सॉफ्टवेअरमध्येही असेच, तिथे त्या लांबलचक क्रमांकाला गुइड म्हणतात. पण यातून एक गोष्ट निसटते. एक्सेलमधून ओळ पुसली म्हणून नकाशातला ठिपका पुसला जात नाही. यंत्राला ओळ न दिसणे म्हणजे 'त्याविषयी काही म्हणायचे नाही' असे वाटते. ते बरोबरच आहे, असे मी म्हणेन. नोंद नसणे आणि वस्तू नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणून एखादे सॉफ्टवेअर बंद केले तर ओळ पुसायची नाही. 'स्थिती' असा एक गुणधर्म ठेवून तिथे 'बंद' लिहायचे आणि तारीख घालायची. फेरफार नोंदवहीत जुनी नोंद खोडून टाकत नाहीत, नवी घालतात, तसे.

उलट दिशेने, म्हणजे नकाशातून एक्सेलमध्ये येताना, दुसरेच हरवते. आर्कीच्या तीन फाइलींत घटक येतात, नाती येतात, गुणधर्म येतात; चित्रे येत नाहीत. कोणता ठिपका कुठे मांडला, कोणत्या चित्रात काय दाखवले आणि काय मुद्दाम वगळले, हे नकाशातच राहते. संचालकांना दाखवायचे चित्र आणि देखभाल करणाऱ्याचे चित्र वेगळे असते हे झॅकमन यांनी सांगितले होते. ते वेगळेपण रकान्यांत मावत नाही.

मग या फाइली बारा शाखांना आणि सहा विभागांना मेलने पाठवल्या जातात : 'आपल्याकडील माहिती तपासून शुक्रवारपर्यंत परत पाठवावी.' परत येतात त्या कशा, ते पाहण्यासारखे असते. एकाने दोन रकाने जोडून त्यात ठळक अक्षरांत शाखेचे नाव घातलेले असते. एकाने नावांची अकारविल्हे लावताना फक्त एकच रकाना निवडलेला असतो, त्यामुळे नावे सरकलेली आणि ओळख-क्रमांक जागच्या जागी. एकाने काही ओळी पिवळ्या केलेल्या असतात. पिवळा म्हणजे बंद होणार? की तपासून झाले? की शंका आहे? सीएसव्हीमध्ये रंग जात नाही. कचेरीत मात्र रंग हीच अर्धी भाषा असते. म्हणून अशी फाइल हाती आली की आधी रंग वाचायचे, ते शब्दांत उतरवायचे, आणि मगच पुढे जायचे.

एक्सेल स्वतःही स्वस्थ बसत नाही. आपण लिहिलेल्याचा अर्थ लावण्याची त्याला हौस आहे. '००१२' लिहिले की पुढची शून्ये जातात. '१-२' हा कप्प्याचा क्रमांक लिहिला की त्याची तारीख होते. पंधरा अंकांपुढचे अंक ते संख्या म्हणून जपू शकत नाही, तिथे शून्ये घालते. सोळा आकडी खाते क्रमांक असलेल्या बँकेने हे ऐकून ठेवावे. हा उपद्रव किती दूर जातो त्याचा प्रसिद्ध दाखला जीवशास्त्रात आहे. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'सेप्ट २', 'मार्च १' अशी होती. एक्सेल त्यांचे २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाके. २०१६ साली 'जीनोम बायॉलॉजी'त आलेल्या एका पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली : 'सेप्टिन २', 'मार्चएफ १'. एक्सेलमध्ये ही सवय बंद करण्याची सोय आली ती २०२३ मध्ये. यावरून ओळख-क्रमांक कसा असावा हे कळते : सुरुवातीला अक्षरे, मग आकडे, आणि कोणत्याही महिन्याशी साम्य नको.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण. आपल्या बँकेची एक शाखा कऱ्हाडला आहे. कोणी 'कराड' लिहितो, कोणी 'कऱ्हाड'. तेवढ्याने भागत नाही. 'कऱ्हाड'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एकीत नुक्ता असलेला र आणि हलंत, दुसरीत साधा र, हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. एक्सेलला विचारा, ही दोन नावे एक आहेत का? ते म्हणते, नाहीत. आणि देवनागरी असलेली सीएसव्ही फाइल नुसती टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली तर कित्येकदा सगळा मजकूर अगम्य चिन्हांचा खच होतो. फाइलच्या आरंभी युनिकोडची खूण घालून ठेवली तर हे टळते, आणि आर्कीमध्ये फाइल काढताना तसा पर्याय आहे. पण कऱ्हाडवर उपाय एकच. शाखेला 'शाखा-०७' असा क्रमांक द्यायचा, जुळवणी त्याच्यावर करायची, आणि नाव ज्याला जसे लिहायचे तसे लिहू द्यायचे.

हे सारे कारकुनी वाटत असेल तर इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत काय झाले ते पाहा. करोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइलींत येत. पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेत ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत ओतून पुढे मध्यवर्ती व्यवस्थेकडे पाठवले जात. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते, आणि एका रुग्णाला अनेक ओळी लागत. त्यामुळे एका फाइलमध्ये सुमारे १,४०० रुग्णच मावत. रुग्ण वाढले, फाइल भरली, उरलेल्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांत १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांना शोधून सावध करण्याचे काम त्या मध्यवर्ती यादीवरून चाले, आणि यादीत ती माणसे नव्हती. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिथून जास्त रुग्ण निसटले होते त्या भागांत नंतर संसर्ग आणि मृत्यूही अधिक झाल्याचे दिसले.

या घटनेवर बोलताना बहुतेकांनी एक्सेलला दोष दिला. मला तो अपुरा वाटतो. प्रयोगशाळा ठाऊक होत्या, मध्यवर्ती व्यवस्था ठाऊक होती. या दोन ठिपक्यांमधली रेषा एका जुन्या फाइलच्या अरुंद बोळातून जाते, हे जबाबदार माणसाच्या नजरेसमोर नव्हते. नकाशात ती फाइल स्वतंत्र ठिपका म्हणून असती आणि तिच्या गुणधर्मांत 'मर्यादा : ६५,५३६ ओळी' असे लिहिलेले असते, तर रुग्णसंख्या चढू लागताच कोणीतरी विचारले असते, असे मला वाटते. खात्रीने कोण सांगणार? पण संस्थेचे नकाशे काढणारे लोक सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क मोठ्या हौसेने मांडतात आणि दोन व्यवस्थांमध्ये रोज संध्याकाळी फिरणारी एक्सेलची फाइल तेवढी वगळतात. ती त्यांना कमीपणाची वाटते. खरे तर पहिल्यांदा तीच काढली पाहिजे.

आता जोडणी रोजच्या रोज चालवायची तर कशी? महागड्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सेलशी थेट दुवा ठेवण्याच्या सोयी असतात, विक्रेते त्या उत्साहाने दाखवतात. माझा अनुभव असा की, दुव्यापेक्षा एक ठराव महत्त्वाचा : कोणती माहिती कोठे जन्मते. कराराची मुदत, पुरवठादाराचा फोन, दर वर्षीचा खर्च हे भांडार विभागाच्या एक्सेलमध्ये जन्मते. ते तिथेच बदलायचे आणि नकाशात फक्त आणून लावायचे. नाती नकाशात जन्मतात. ती तिथेच बदलायची आणि एक्सेलमध्ये फक्त वाचायला द्यायची. एकाच गोष्टीला दोन्हीकडे लिहू दिले की महिनाभरात कोणते खरे हे ठरवायला बैठक बोलवावी लागते. वस्तूच्या जातीसाठी एक्सेलमध्ये मोकळा रकाना न ठेवता निवडीची यादी ठेवावी, म्हणजे जातीचे नाव अक्षरशः जसे हवे तसेच येईल. ओळख-क्रमांकाच्या रकान्याला कुलूप लावावे. आलेली फाइल सरळ नकाशात ओतू नये. आधीच्या फाइलशी ताडून, काय नवे, काय बदलले, काय दिसेनासे झाले, हे तीन ढीग माणसाने डोळ्यांखालून घालावेत. तिसरा ढीग नेहमी लहान असतो आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

आपल्या बँकेत हे सगळे पार पडले, असे धरू. मुख्य कचेरीतला जुना सर्व्हर यादीत पिवळा होता. पिवळ्याचा अर्थ 'मार्चअखेर बंद' असा निघाला. नकाशात त्याच्यातून तीन रेषा निघत होत्या : लॉकर नोंद, पगार आणि एक छापखाना-यंत्र, म्हणजे पासबुकाचा प्रिंटर. तिन्हींची सोय लावली. तरीही नकाशाची छापील प्रत घेऊन एकदा प्रत्येक टेबलापाशी जावे लागते, आणि ते टाळू नये. हिशेब विभागातल्या मॅडमनी प्रत हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारले, "मग महिनाअखेरीला मी विवरणपत्राची फाइल कुठून घ्यायची?" त्या दर महिन्याला त्या सर्व्हरवरून एक फाइल पेन ड्राइव्हवर घेत, स्वतःच्या संगणकावर एक्सेलमध्ये दोन रकाने दुरुस्त करत, आणि तीच पुढे रिझर्व्ह बँकेच्या विवरणपत्रात जाई. अकरा वर्षे. कोणत्याही फाइलमध्ये याची नोंद नव्हती, कारण त्यांना कोणी विचारले नव्हते.

घटकांच्या फाइलमध्ये एक ओळ वाढली : त्यांची ती एक्सेल फाइल. नात्यांच्या फाइलमध्ये दोन. सर्व्हरकडून तिच्याकडे, आणि तिच्याकडून विवरणपत्रांकडे. तिन्ही ओळींत ओळख-क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला, आणि मार्चअखेरची तारीख पुढे ढकलली.